हॅक्सॉवरची पावलं

चाला म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातंय? डॉक्टर म्हणतात चाला, पेपरात छापून येतं चाला, गेल्या वर्षी रिटायर झालेला शेजारी मानेभोवती टॉवेल टाकून ओरडतो, "किसनराव, चाला हो जरा!" कधी चालायचं तेवढं मात्र कुणी सांगत नाही. किसन गायकवाड पहाटे चारला उठायचा. पाच वीसला निगडीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस. बसमध्ये बसून तासाभरानं चाकण. तिथं प्रेस शॉपमध्ये एकतीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं, ते शिफ्ट सुटेपर्यंत बसायचं. मग परत बसमध्ये बसायचं, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये नुसतंच बसून राहायचं, आणि घरी आलं की आधी टेकायचं आणि मग आडवं व्हायचं.

बावन्न वर्षांतली बावीस वर्षं ह्या माणसानं बसून काढली होती, आणि तरी तो रोज मरणाचा दमत होता. बसून माणूस एवढा दमतो कसा, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगूनही कळत नाही. किसननं तो नाद केव्हाच सोडला होता.

साखर निघून सहा वर्षं झाली होती. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, आणि दोन्हींच्या मधे चहा. बायको मिनल बिनसाखरेचा चहा द्यायची, पण मिनलची हद्द घराच्या उंबऱ्यापर्यंत. भोसरीतल्या पॅकिंगच्या युनिटात आठ तास उभं राहून ती घरी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे आणि ह्याचे मुंग्या आलेले. दोघं एकमेकांकडं बघायची आणि "उद्यापासून चालायला जाऊ" असं म्हणायची. तो उद्या सहा वर्षांत एकदाही उजाडला नाही.

आणि घरात उदाहरण काय कमी होतं? किसनची आई गिरजाबाई खिडकीपाशी खाटेवर बसून असायची. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पाच वर्षांपूर्वी चपलेचा खिळा अंगठ्याला लागला. साखरेनं बधिर झालेल्या पायाला दुखलं नाही, आणि डोळ्यांना दिसलं तेव्हा म्हातारीनं फडकं गुंडाळून वर लुगडं ओढून घेतलं. पोराला कशाला त्रास, त्याची शिफ्ट चालू आहे, असं म्हणत पंधरा दिवस तिनं ते दडवलं. वास आल्यावर मिनलनं फडकं सोडलं. पुढचं सांगायला नको. दवाखान्यातून घरी आल्यापासून गिरजाबाई उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. कुणीतरी दिलेली चाकांची खुर्ची खाटेमागं घडी करून ठेवलेली होती, तिच्यावर आता धुतलेल्या चादरी असायच्या. "लोकांनी अर्धी बाई बघायला नको," असं ती म्हणायची आणि विषय मिटवायची.

किसनला पायाची भीती नव्हती असं नाही. पण खरी भीती क्रेन हातची जाण्याची होती, हे तो मनाशी कबूल करायचा. ही क्रेन म्हणजे शॉपच्या छताखाली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रुळांवर पळणारी. गाडीचे पत्रे ज्यांत दाबून घडवतात ते लोखंडाचे साचे, म्हणजे डाय, एकेक आठ-आठ टनांचा. ते उचलून प्रेसमध्ये नेऊन अलगद ठेवायचं काम किसनचं. त्याचा बाप भोसरीत हमाल होता. जन्मभर डोक्यावर आणि पाठीवर ओझं घेऊन गेला, तो पन्नाशीलाच गेला. किसननं ओझं उचललं ते वर बसून, दोन बोटांनी. आई सगळ्या आळीला सांगायची, "माझा किसना वर बसतो. आठ टन उचलतो, घाम येत न्हाई त्याला." घाम येत होता की नाही ते सोडा. पण वर बसतो हे खरं होतं, आणि ते बसणं हीच त्याची कमाई होती.

कंपनीचा नियम असा, की दर वर्षी मेडिकल. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या पुढं गेली की क्रेनवाल्याच्या फिटनेसच्या कागदावर सही नाही. सही नाही तर केबिन नाही. गेल्या वेळेला आठ पूर्णांक आठ आली होती. म्हणजे नाकापर्यंत पाणी आलेलंच होतं.

अशातच मे महिन्यात कंपनीनं 'निरोगी पाऊल' नावाची मोहीम काढली. जेवणं अशी, कामं अशी, दर चौथ्या माणसाला साखर; तेव्हा सगळ्यांनी चालायचं. मनगटावर बांधायचा एकेक पट्टा वाटला, त्यात पावलं मोजली जायची आणि दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर दिसायची. ज्या डिपार्टमेंटची पावलं जास्त त्याला कप, आणि कॅन्टीनमध्ये स्पेशल जेवण. स्पेशल जेवणात काय, तर गुलाबजाम. आता बोला! साखर कमी करा आणि बक्षीस म्हणून पाकातले गुलाबजाम खा.

पहिल्या आठवड्यात किसनची पावलं दिवसाला सोळाशे भरली. त्यातली बरीचशी शिडीची आणि बसपर्यंतची. प्रेस शॉप शेवटून पहिलं आलं आणि बसमध्ये चेष्टा सुरू झाली. "प्रेसवाल्यांना दोन दोन नवीन पाय इश्यू करा रे स्टोअरमधून!"

ही चेष्टा पिंटूला लागली. पिंटू प्रेस शॉपच्याच टूलरूमचा, राजगुरुनगरकडचा जुना गाववाला, डोक्यानं तल्लख आणि त्या डोक्याचा उपयोग भलतीकडंच करणारा. टूलरूममध्ये जुनी हॅक्सॉ मशीन होती, लोखंडी सळया कापायची करवत. एकदा सळई लावून चालू केली की ती करवत तासन्‌तास पुढं-मागं, पुढं-मागं करत राहायची, माणूस झपाझप चालताना त्याचा हात हलावा तशी. पिंटूनं गंमत म्हणून आपला पट्टा तिच्या दांडीला बांधला. तासाभरानं बघतो तर पाच हजार पावलं.

"किसनभाऊ," तो जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "तुमी वर बसा निवांत. तुमची पावलं आमी टाकतो."

"नको रे बाबा. कुणी बघितलं तर?"

"कोन बघतंय? अवो, वरच्या सायबांना आकडे पायजेत, आपल्याला कप पायजे. आन तुमी दमलेलं मानूस. बावीस वर्षं झाली तुमाला. तुमी न्हाई दमायचं तर कुनी?"

दमलेल्या माणसाला दमलेलं म्हटलं की तो अर्धा विरघळतो. किसननं पट्टा काढून दिला. बघता बघता प्रेस शॉपचे अकरा पट्टे त्या दांडीला लटकले. एकट्या सिद्धेशनं दिला नाही. सिद्धेश हा किसनचा खालचा माणूस. डायला साखळदंड अडकवायचे, क्रेनबरोबर खालून चालत जायचं आणि हातानं खुणा करायच्या, हे त्याचं काम. वर केबिनमध्ये काही ऐकू येत नाही, म्हणून क्रेनवाला फक्त खालच्या माणसाचा हात बघतो. बोट फिरलं की उचल, तळवा खाली झाला की सोड, मूठ वळली की थांब. चौदा वर्षं किसननं सिद्धेशच्या हाताखेरीज दुसरं काही बघितलं नव्हतं. सिद्धेश दिवसभर क्रेनखाली चालून खरी नऊ हजार पावलं भरायचा आणि यादीत चाळिसावा यायचा. नुसता एकदा म्हणाला, "किसनभाऊ, करवतीला शुगर नसते," आणि साखळ्या ओढत निघून गेला.

जूनअखेरीस प्रेस शॉपनं कप जिंकला. आणि पिंटूनं किसनचा पट्टा रोज इतरांपेक्षा तासभर जास्त लटकत ठेवल्यामुळं अख्ख्या प्लांटमध्ये पहिला नंबर किसन गायकवाडचा आला, रोजची सरासरी अठरा हजार पावलं! टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी हात मिळवला. किसनचा हार घातलेला फोटो काढून त्याची फ्रेम त्याच्याच हातात दिली. वर लिहिलं होतं, 'निरोगी पाऊल, प्रथम क्रमांक'. किसननं गुलाबजाम दोन खाल्ले. एवढी लाज वाटत होती की तोंडात काहीतरी कोंबायला हवंच होतं.

जुलैत मेडिकल. साखर निघाली नऊ पूर्णांक आठ.

दवाखान्यातल्या डॉक्टर विजयश्री मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. माणसाशी माणसासारखं बोलायच्या, म्हणून त्यांच्यासमोर खोटं बोलायला जास्त जड जायचं. त्यांनी रिपोर्ट बघितला, कॉम्प्युटर बघितला, परत रिपोर्ट बघितला.

"गायकवाड, तुम्ही एवढं चालता आणि तरी साखर वर जातेय?"

किसननं शर्टाची बाही रिकाम्या मनगटावर ओढून घेतली.

"जेवणात काही?"

"नाही मॅडम. तेच आपलं."

मॅडमनी पेन टेकवून ठेवलं. "नियमानं मला सही करता येत नाही. पण एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाला मी खाली कशी उतरवू? तुमच्या पावलांकडं बघून तीन महिन्यांची मुदत देते. चालणं तर तुमचं पुरेपूर आहे, त्यात काही वाढवायला जागा नाही. म्हणजे औषधच कमी पडतंय." आणि त्यांनी आणखी एक गोळी लिहिली, सकाळच्या खाण्याआधीची, जोरदार. "ही घेतली की अर्ध्या तासात खायचंच. विसरायचं नाही."

आता त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर? पण सही झालेला कागद हातात होता. सही झालेल्या कागदापुढं भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. किसन कागद घेऊन शिडी चढून वर गेला आणि केबिनचं दार लावून पाच मिनिटं नुसता बसून राहिला.

घरी वेगळीच तऱ्हा. फ्रेम त्यानं कपाटामागं सारली होती, ती मिनलला झाडताना सापडली. गिरजाबाईनं ती मागून घेतली, पदरानं पुसली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"अठरा हजार," ती म्हणाली. "रोज?"

"हं."

"किसना," म्हातारी म्हणाली, "मला वाटायचं, माझ्या पायाकडं बघून ह्या घरात कुनीच काई शिकलं न्हाई. वाया गेला माझा पाय, असं वाटायचं बघ." तिनं मिनलला हाक मारली. "पोरी, ह्ये बाबासायबांच्या फोटोखाली लाव. मला हितून दिसंल असं."

मिनलनं खिळा ठोकला. किसननं मान खाली घालून चपला घातल्या आणि बाहेर पडला. कुठं जातोय हे त्यालाही माहीत नव्हतं. घरात त्या फोटोसमोर बसवेना, एवढंच. तो प्राधिकरणाच्या रस्त्यानं चालत गेला, भेळ चौकापर्यंत गेला आणि परत आला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. छातीचा भाता चालला होता. पाऊण तास झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो खरोखर चालायला लागला. हौस नव्हती, लाज होती. लाजेपोटी चाललेलं हौशीपेक्षा जास्त टिकतं. पहाटे चहा आणि गोळी घेऊन तो घरातून साडेचारलाच निघायचा आणि कोपऱ्यावरची बस सोडून चार स्टॉप पुढं, त्रिवेणीनगरला जाऊन बस पकडायचा. पट्टा अजून हॅक्सॉवरच होता. मागायचा कसा, असा प्रश्न होता. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात खायचं, हे लक्षात होतं. पण साडेचारला कोण पोळी करून देणार? मिनलला उठवायचं त्याच्या जिवावर यायचं. नाश्ता कॅन्टीनमध्ये साडेआठला, तोवर कळ काढायची. बसमध्ये हात थरथरायचे, घाम फुटायचा. किसनला वाटायचं, बरंय, साखर जळतेय.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, लाइन अडली होती. मोठ्या प्रेसचा डाय बदलायचा होता आणि साहेब खाली घड्याळ घेऊन उभे. "डाय बसू द्या, मग नाश्ता," असं ठरलं. साडेआठ वाजून गेले, नऊ वाजून गेले. किसननं डाय उचलला. खाली सिद्धेश उलटा चालत होता, हात वर धरून.

किसनच्या डोळ्यांवर काहीतरी आलं. शर्ट पाठीला चिकटला. त्याला खाली दोन सिद्धेश दिसायला लागले, आणि दोघांचे हात वेगवेगळं सांगत होते. भूक नव्हती, भीती नव्हती; नुसतं वाटत होतं की हे सगळं फार लांब चाललंय आणि आपला त्याच्याशी काही संबंध नाही. एका हाताची मूठ वळली. मूठ म्हणजे काय, हे त्याला आठवत होतं, पण फार सावकाश आठवत होतं. आठ टनांचा डाय पुढं जातच राहिला. सिद्धेशची पाठ प्रेसच्या खांबाला टेकली. त्यानं दुसरीही मूठ वर केली, दोन्ही मुठी, आणि तोंड उघडलं. वर काही ऐकू आलं नाही. मग तो बाजूला पडला, उडी मारली की घसरला ते त्यालाही नंतर सांगता येईना. डाय खांबावर आदळला. अख्खा शॉप हादरला. किसनचा हात लिव्हरवरून गळाला, आणि हात सुटला म्हणून क्रेन थांबली.

शिडी चढून सगळ्यात आधी वर आला तो पिंटू. त्यानं किसनचे दात उघडून शॉपमधल्या चहाच्या गाडीवरची मूठभर साखर तोंडात कोंबली. "गिळा भाऊ, गिळा, आयला गिळा की हो!" तो रडतच होता.

दवाखान्यात मशीननं त्या घडीची साखर दाखवली, अठ्ठेचाळीस; सत्तरच्या खाली गेली की धोका असतो. ग्लुकोजचं पाणी पिऊन तासाभरानं किसन ताळ्यावर आला. समोर मॅडम होत्या. दारात पिंटू. बाहेर बाकावर सिद्धेश बसला होता, कोपर खरचटलेलं, आणि त्याचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. चौदा वर्षं बघितलेले ते हात किसननं कधी थरथरताना बघितले नव्हते.

"मला एक समजत नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळी महिनाभर तीच आहे. चालणंही तेच, रोजचं अठरा हजार. आणि साखर आजच अशी कोसळली. का?"

मॅडमच्या मागं पिंटू डोळ्यांनी सांगत होता, नाही म्हणा, नाश्ता चुकला म्हणा. आणि ते खोटंही नव्हतं. नाश्ता चुकलाच होता. तेवढं म्हटलं असतं तर गोळी बदलली असती, चार दिवसांची सुट्टी मिळाली असती आणि किसन परत वर गेला असता. केबिन त्याची ती त्याचीच राहिली असती.

किसननं बाकावरच्या हातांकडं परत एकदा बघितलं.

"मॅडम, मी चालत नव्हतो," तो म्हणाला. "पट्टा करवतीला बांधला होता. चालायला लागलो त्याला तेरा दिवस झाले."

पिंटूनं कपाळाला हात लावला. मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या दमल्यासारख्या दिसल्या.

"म्हणजे महिनाभर मी औषध त्या करवतीला देत होते, गायकवाड," त्या म्हणाल्या. "न चालणाऱ्या माणसाला मी आधी चालायला लावते, गोळी नंतर वाढवते. तुमच्या बाबतीत मी उलटं केलं. आणि तुम्ही मला न सांगता चालायला लागलात, तेही उपाशीपोटी, वर ती गोळी घेऊन." त्यांनी जोरदार गोळीवर काट मारली. "चालणं सोडू नका. काहीतरी खाऊन चाला, आणि खिशात साखर ठेवा. पण केबिनचा कागद मला परत द्या. तीन महिने खाली काम करायचं. मग बघू."

किसननं पाकिटातून कागद काढून दिला.

कप परत गेला. किसननं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण प्लांटमध्ये हॅक्सॉ एकच होती, तेव्हा पिंटूला मेमो मिळायचा तो मिळालाच. बसमध्ये किसनशेजारची जागा रिकामी राहायला लागली. लोक माणसाला खोटं बोलल्याबद्दल माफ करतात. सगळ्यांचं खोटं एकट्यानं उघडं केल्याबद्दल नाही करत. सोमवारी सिद्धेशनं एक हेल्मेट आणि हातमोजे त्याच्यापुढं टाकले. "चला," एवढंच म्हणाला. वर केबिनमध्ये दुसराच क्रेनवाला बसला होता. किसन त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या क्रेनच्या खालून चालला. आठ टन डोक्यावर घेऊन चालताना कसं वाटतं, हे त्याला बावीस वर्षांनी कळलं. शिफ्ट सुटली तेव्हा मनगटावर परत आलेल्या पट्ट्यात दहा हजार चारशे पावलं होती आणि टाचा सोलून निघाल्या होत्या.

घरी आल्यावर तो खाटेच्या कडेला बसला. शुक्रवारपासून हे घरी सांगितलं नव्हतं. दडवायची खोड ह्या घराला जुनीच. मिनल अजून आली नव्हती. त्यानं मोजे काढले तशी गिरजाबाईची नजर टाचांवर गेली.

"ह्ये काय रं?"

"आई, मला क्रेनवरनं उतरवलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. करवत, कप, गोळी, सिद्धेशच्या मुठी. मधे एकदा रडला, मग परत सांगायला लागला. म्हातारी ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं लुगड्याचा काठ सारखा केला, जिथं पाय नव्हता तिथला.

"किती दिस दडवलंस?"

"अडीच महिने."

"मी पंधरा दिस दडवलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनला व्हता, आजी, आठ दिस आदी आला असता तर एका बोटावर भागलं असतं." तिनं त्याच्या टाचांकडं बघितलं. "तुझी क्रेन गेली, किसना. ती परत मिळंल न्हाईतर न्हाई मिळायची. पन तो सिद्धेश घरी गेला का चालत?"

"गेला."

"मग भागलं बोटावर." तिनं भिंतीकडं हनुवटी केली. "तो फोटो काढ आदी."

किसननं फोटो काढला. रिकामा खिळा तेवढा राहिला. फ्रेम हातात घेऊन तो उभा होता, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "आन ती खुर्ची काढ खाटंमागची."

"कशाला?"

"ग्राउंडवर ने मला. तू चालतोस का न्हाई ह्ये आता मी माझ्या डोळ्यानं बघनार हाय. पट्ट्यावर माझा इस्वास न्हाई."

"आई, लोक बघतील."

"बघू देत."

पाच वर्षांनी गिरजाबाई उंबऱ्याबाहेर आली. किसननं तिला उचलून खुर्चीत ठेवलं, तिच्या मांडीवर मिनलची शाल टाकली. तिनं ती काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली. आळीतली माणसं बघतच राहिली. पालिकेच्या ग्राउंडला कडेनं चालायचा रस्ता होता. मानेभोवती टॉवेल टाकलेला शेजारी समोरून आला, काहीतरी बोलायला गेला आणि गिरजाबाईकडं बघून कडेला सरला. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं. पहिल्या फेरीत म्हातारी नुसती बघत होती. झाडं, पोरं, भिंतीपलीकडं नव्यानं उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी. दुसऱ्या फेरीत तिनं मोजायला सुरुवात केली. तिसरी संपता संपता किसनच्या पोटऱ्यांत गोळे आले. सोललेल्या टाचा चपलेत चरचरत होत्या, दिवसभराच्या साखळ्या खांद्यात अजून ओढत होत्या. त्यानं खिशातली साखरेची पुडी चाचपली. मग खुर्ची फाटकाकडं वळवली.

"बास, आई. तीन झाल्या. मला आता होत नाही."

"आजून एक."

"अगं, तीन झाल्या की."

"त्या तुझ्या झाल्या," गिरजाबाई समोर बघत म्हणाली. "ही माझ्या वाटनीची."

किसननं खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. मग त्यानं खुर्ची परत रस्त्याकडं वळवली आणि चालायला लागला.